‘मालवणी मसाला’ सकाळी चौथा, संध्याकाळी तिसऱ्या पानावर : गूगलवरची जागा सारखी का हलते?

डंकवाली (धागाकर्ती)

मंडळी, लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. आता नवरा दुकान आणि डंक (मसाला कुटायचं यंत्र) बघतो, मी वेबसाइट, फोनवरच्या ऑर्डरी आणि कुरिअर बघते. मार्च ते मे हाच आमचा मोठा हंगाम. लोक वर्षाचा मसाला करून ठेवतात तो याच दिवसांत, आणि आता निम्मे लोक दुकानात न येता घरबसल्या मागवतात.

अडचण अशी की ‘मालवणी मसाला’ या शब्दावर आमची साइट कधी चौथी-पाचवी दिसते, कधी सरळ तिसऱ्या पानावर जाते आणि दोन दिवसांनी परत वर येते. ‘थालीपीठ भाजणी’चंही तेच. ‘गोडा मसाला’ मात्र वर्षभर एका जागी आहे, हलत नाही. साइटवर आम्ही काहीही बदललेलं नाही. किमती त्याच, फोटो तेच, मजकूर तोच.

एक एजन्सी आमचं काम बघते. दर महिन्याला पीडीएफ येते, त्यात शब्दांची यादी आणि पुढे हिरवे-लाल बाण. लाल बाण दिसला की त्यांचा फोन येतो, ‘गूगलने अल्गोरिदम बदललं, पॅकेज वाढवा, बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटला दुवे) घ्याव्या लागतील.’ पुढच्या महिन्यात तोच बाण आपोआप हिरवा झालेला असतो. मला खरं काय ते समजून घ्यायचं आहे. हे असं हलणं सगळ्यांचंच होतं का? काळजी नेमकी कधी करायची? ऐन हंगामात मला रात्रीची झोप नाही, म्हणून विचारते.

विरार_फास्ट

ताई, आत्ता तुमचा धागा वाचून विरारहून मोबाईलवर ‘मालवणी मसाला’ टाकून पाहिलं. वर दोन व्हिडिओ, मग पाककृतींची पानं, मग विक्रीवाल्या मोठ्या साइट. तुमचं नाव पहिल्या पानावर नाही. बायकोच्या फोनवर इंग्रजी अक्षरांत टाकलं तर निकाल पूर्ण वेगळे. एकाच घरात, एकाच वायफायवर. पुढचं जाणकार सांगतील.

जुना_वेबमास्तर

हलणं सगळ्यांचंच होतं आणि ते फार जुनं आहे. मी अंधेरीला सीप्झमध्ये नोकरीला लागलो तेव्हा गूगल आपली यादी साधारण महिन्याने एकदा ताजी करायचं. ती नवी यादी सगळ्या डेटा सेंटरांवर एकदम पोचत नसे, काही दिवस एकीकडे जुनी आणि दुसरीकडे नवी. त्या दिवसांत साइट वरखाली व्हायच्या, त्याला आम्ही ‘गूगल डान्स’ म्हणायचो. पुढचा निकाल आधी कळावा म्हणून लोक गूगलचे दुसऱ्या-तिसऱ्या सर्व्हरचे पत्ते उघडून रात्र रात्र बसायचे. २००३ च्या उन्हाळ्यात ती महिन्याची पद्धत बंद झाली आणि यादी रोज थोडी थोडी बदलू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘फ्लोरिडा’ नावाचा मोठा बदल आला. दिवाळी होऊन गेली होती आणि परदेशात नाताळची खरेदी तोंडावर होती. कितीतरी दुकानदारांची साइट एका रात्रीत दिसेनाशी झाली.

आता तर बदल चालूच असतात. २०२२ या एका वर्षात सर्चमध्ये सुमारे ४,७०० बदल केल्याचं गूगलनेच सांगितलं आहे. त्यातले बहुतेक आपल्याला जाणवतही नाहीत. मोठे, म्हणजे ‘कोअर अपडेट’ म्हणतात ते, वर्षातून काही वेळाच येतात आणि ते चोरून येत नाहीत. ‘गूगल सर्च स्टेटस डॅशबोर्ड’ नावाचं पान आहे, त्यावर प्रत्येक अपडेट कधी सुरू झालं आणि कधी संपलं त्याच्या तारखा असतात. २०२४ च्या मार्चचं अपडेट ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपलं, पंचेचाळीस दिवस. तेवढ्या काळात रोजची जागा बघण्यात काही अर्थच नव्हता.

तेव्हा एजन्सीने ‘अल्गोरिदम बदललं’ म्हटलं की ताई, एवढंच विचारायचं, ‘कोणतं आणि कोणत्या तारखेला?’ उत्तर त्या पानावर ताडून बघा.

आकडेमोड

डंकवाली ताई, तुम्ही ‘जागा’ म्हणता ती नेमकी कुठे बघता? स्वतःच्या फोनवर, की एजन्सीच्या पीडीएफमध्ये, की सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साइटच्या मालकाला हिशेब दाखवतं तिथे? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचा आकडा वेगळा येणारच.

स्वतःच्या फोनचं आधी काढून टाकू. तुम्ही लालबागेत बसून शोधता. गूगलला तुमची जागा कळते आणि दुकान शंभर पावलांवर असेल तर ते तुम्हाला वर दाखवलं जाणारच. इनकॉग्निटो उघडलं तरी तुम्ही कुठे बसला आहात ते लपत नाही, फक्त तुमच्या खात्याचा इतिहास बाजूला राहतो. विरारच्या दादांना तुम्ही दिसला नाहीत, हे त्यातूनच आलं.

पीडीएफमधला आकडा एखाद्या रँक ट्रॅकरचा, म्हणजे जागा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. तो एका ठरावीक शहरातून, एका ठरावीक वेळी, एका प्रकारच्या उपकरणावरून बघतो. एजन्सीला विचारा की त्यांनी ठिकाण कोणतं ठेवलंय. नुसतं ‘भारत’ ठेवलं असेल तर मुंबईच्या दुकानाला तो आकडा फारसा उपयोगाचा नाही. मोबाईल की डेस्कटॉप तेही विचारा.

सर्च कन्सोल फुकट आहे, गूगलचं स्वतःचं आहे आणि त्यात १६ महिन्यांचा हिशेब मिळतो. पण त्यातली ‘सरासरी जागा’ नीट समजून घ्यावी लागते. एखाद्या शब्दावर तुमचं पान जितक्या वेळा कुणाला दाखवलं गेलं, त्या प्रत्येक वेळी ते कितवं होतं, त्याची ती सरासरी. समजा शंभर जणांना तुम्ही तिसरे दिसलात आणि दुसऱ्या शंभर जणांना एकतिसावे. कन्सोल सांगणार ‘सतरा’. सतराव्या जागेवर तुम्हाला प्रत्यक्षात कुणीच पाहिलेलं नाही! उद्या तुमचं पान दहा नव्या शब्दांवर तळाशी दिसायला लागलं तर सगळ्या साइटची सरासरी बिघडलेली दिसेल, आणि तरी तुमचं एकही गिऱ्हाईक कमी झालेलं नसेल. शेवटच्या दोन दिवसांचे आकडे कच्चे असतात, ते धरूच नका.

आणखी एक. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवायची जुनी सोय बंद केली. रँक ट्रॅकर तिच्यावरच चालायचे. त्यांच्या यंत्रांनी उघडलेली पानंसुद्धा इंप्रेशनमध्ये (पान किती वेळा दाखवलं गेलं त्या आकड्यात) मोजली जात होती, ती एकदम थांबली. म्हणून त्या महिन्यापासून कितीतरी साइटची इंप्रेशन घसरली आणि सरासरी जागा सुधारलेली दिसली. क्लिक होते तिथेच राहिले. जुन्या रिपोर्टशी तुलना करताना हे डोक्यात असू द्या, नाहीतर कुणीतरी ती ‘सुधारणा’ स्वतःच्या नावावर खपवील.

आता तुम्ही एवढं करा. कन्सोलमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडा, वर ‘क्वेरी’चा (शोधलेल्या शब्दाचा) फिल्टर लावून फक्त ‘मालवणी मसाला’ ठेवा, तारीख तीन महिने. चारही खुणा चालू करा. निळी रेघ क्लिकची, जांभळी इंप्रेशनची, हिरवी सीटीआरची (दाखवल्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं), नारिंगी जागेची. नारिंगी वर गेली की जागा सुधारली. मग खालच्या टेबलात ‘पेजेस’ या टॅबवर जा. तिथे या शब्दावर तुमचं कोणतं पान दाखवलं जातं ते दिसेल. एकच पान आहे की दोन? ते इथे येऊन सांगा. ते कळेपर्यंत साइटला हात लावू नका, अगदी टायटलमधला स्वल्पविरामसुद्धा बदलू नका.

पार्ल्याचा_फराळ

आकडेमोड यांच्या शेवटच्या वाक्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. आमच्या ओळखीत फराळाचाच धंदा करणारं एक कुटुंब आहे. दिवाळीच्या तोंडावर जागा खाली गेली की ते दर दोन दिवसांनी पानाचं टायटल बदलायचे. एकदा ‘घरगुती’, एकदा ‘अस्सल’, एकदा ‘स्वस्त’. गूगलने एक बदल वाचून पचवायच्या आत दुसरा. शेवटी कशामुळे काय झालं ते कुणालाच सांगता येईना.

आणि हंगामाचं बोलायचं तर ‘दिवाळी फराळ’ या शब्दावर जूनमध्ये आम्ही दुसरे आहोत याला काही किंमत नाही, शोधतं कोण तेव्हा? ऑक्टोबरात मोठ्या किराणा अ‍ॅपवाले, मिठाईवाले, वर्तमानपत्रांच्या साइट सगळे त्या शब्दावर नवी पानं टाकतात. आपण काही वाईट केलेलं नसतं, समोर गर्दी वाढलेली असते. म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या वर्षीच्या याच आठवड्याशी करायची. दिवाळी मागेपुढे होते, तेवढं धरून. तुमचा हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे तुम्हाला तारखा जुळवणं आणखी सोपं.

डंकवाली

सगळ्यांचे आभार. रात्री दुकान बंद झाल्यावर बसून सांगितलं तसं केलं.

दोन पानं निघाली! एक आमचं विक्रीचं पान, जिथे अर्धा किलो, एक किलो असे पर्याय आहेत. दुसरं पान आधीच्या वेबसाइटवाल्यांनी बनवलेलं, ‘घरगुती मालवणी मसाला कसा बनवायचा’. त्यात बेडगी आणि संकेश्वरी मिरचीचं प्रमाण, धणे, बडीशेप, दगडफूल, त्रिफळ, काय किती भाजायचं ते सगळं आहे. ते पान आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं, मेनूत कुठेही नाही.

मग एकेका पानावर टिचकी मारून तारखेप्रमाणे पाहिलं. ज्या दिवशी कृतीचं पान दिसतं त्या दिवशी विक्रीचं पान जवळजवळ गायब. ते वर, तेव्हा हे खाली. आणि कृतीचं पान बहुतेक निकालांच्या तिसऱ्या पानावर असतं. मला जे ‘पडलो’ वाटत होतं ते म्हणजे गूगल त्या दिवशी दुसरंच पान दाखवत होतं.

‘गोडा मसाला’ला एकच पान आहे. म्हणून ते हलत नसेल का?

स्टेटस डॅशबोर्डही पाहिला. आमचं वरखाली होणं तिथल्या तारखांशी जुळत नाही. अपडेट नसतानाही तेच चालू आहे.

आकडेमोड

ताई, उत्तर तुम्हीच शोधलंत. एकाच शब्दासाठी आपलीच दोन पानं एकमेकांशी झगडतात तेव्हा असंच दिसतं. गोडा मसाल्याबद्दलचा तुमचा अंदाजही मला पटतो.

पण मालवणी मसाल्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या हातात नाही. हा शब्द शोधणाऱ्याला हवंय काय? कुणाला कृती हवी, कुणाला पाकीट हवं. शब्द तोच. गूगललाही ते पक्कं कळत नाही, म्हणून ते कृती, व्हिडिओ आणि विक्री यांची भेळ करून दाखवतं आणि त्यातलं प्रमाण बदलत राहतं. २०२३ मध्ये अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीचा खटला चालला तेव्हा सर्चचे एक वरिष्ठ अधिकारी पांडू नायक यांनी साक्षीत ‘नॅव्हबूस्ट’ या यंत्रणेबद्दल सांगितलं. लोक कोणत्या निकालावर क्लिक करतात याची १३ महिन्यांची नोंद ती वापरते. म्हणजे लोकांच्या वागण्यावरून जागा ठरण्यात फरक पडतो, हे आता शपथेवर सांगितलेलं आहे. माझा अंदाज असा की उन्हाळ्यात घरी मसाला करणारे कृती शोधतात आणि बाकी वर्ष लोक पाकीट शोधतात, त्यामुळे ऐन तुमच्या हंगामात कृतीच्या पानांचं वजन वाढत असावं. सोळा महिन्यांचा आलेख लावून मागचा एप्रिल बघा, म्हणजे हा अंदाज खरा की खोटा ते कळेल.

उपाय काय? ‘मालवणी मसाला’ या एकट्या शब्दावर जीव टाकू नका. ‘मालवणी मसाला एक किलो’, ‘मालवणी मसाला ऑनलाइन’, ‘लालबाग मसाला घरपोच’ अशा शब्दांत मागणाऱ्याचा हेतू स्पष्ट असतो. शोधणारे कमी, पण जो येतो तो घ्यायलाच येतो. हे शब्द विक्रीच्या पानाचे. कृतीचं पान मला विचाराल तर काढू नये, ते चांगलं असेल तर उपयोगी आहे. त्याचं टायटल पूर्णपणे कृतीचं करा, त्यातून विक्रीच्या पानाला ठळक दुवा द्या, आणि विक्रीच्या पानावर मिरची कुठली, मसाला किती दिवस टिकतो, तिखट किती, डंकावर कधी कुटला, हे लिहा. ही माहिती तुमच्याकडेच आहे, मोठ्या अ‍ॅपवाल्यांकडे नाही.

जुना_वेबमास्तर

इथे माझं थोडं वेगळं मत. मेनूत नसलेलं, कुणीतरी भरताड म्हणून टाकलेलं पान असेल तर सरळ विक्रीच्या पानात मिसळावं आणि जुन्या पत्त्यावरून ३०१ रिडायरेक्ट (नव्या पत्त्याकडे कायमचं वळवणं) द्यावा. दोन अर्धवट पानांपेक्षा एक भरभक्कम पान बरं. ताई, ते कृतीचं पान नीट वाचा. तुमच्या घरच्या प्रमाणाशी जुळतंय का? कुठून तरी उचललेलं असेल तर ते तुमच्या नावावर राहूच नये.

आकडेमोड

हे मान्य. निर्णय त्या पानाच्या दर्जावर घ्यावा.

घाटकोपर_आयटी

तांत्रिक बाजू घाईत सांगतो. साइट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावून आणि न लावून दोन्ही पत्त्यांवर उघडते का? तसं असेल तर एक दुसऱ्याकडे वळवा. प्रत्येक पानाला कॅनॉनिकल (मूळ पत्ता कोणता ते गूगलला सांगणारी खूण) आहे का पाहा, विशेषतः अर्धा किलो आणि एक किलोचे पत्ते वेगळे होत असतील तर. सर्व्हर वारंवार बंद पडतो का? पाचशेच्या घरातले एरर येत राहिले की गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) येणं कमी करतो आणि तेच फार दिवस चाललं तर पानं यादीतून काढूही शकतो.

तुमचं पान मी फोनवर उघडलं. वरचा मिरच्यांचा फोटो फार जड आहे, लोकलमध्ये कुर्ला-सायनच्या दरम्यान नेटवर्क जातं तेव्हा तो अर्धाच उतरतो. गूगलच्या हिशेबाने पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसला पाहिजे. टॅप केल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळाला पाहिजे. फोटो लहान करा. यामुळे तुम्ही एकदम पहिल्या क्रमांकावर जाल असं मी म्हणत नाही, वेगाचं वजन तेवढं नाही. पण आलेलं गिऱ्हाईक पळणार नाही.

गूगल आता पानाची मोबाईल आवृत्तीच धरतं. लॅपटॉपवर छान दिसतंय म्हणून समाधान मानू नका.

विरार_फास्ट

मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो, चालेल ना? आमचं घर मूळचं परळचं. वडील गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर सगळं विस्कटलं आणि आम्ही विरारला आलो. आमच्या चाळीतले कुणी डोंबिवली, कुणी बदलापूर. पण मसाला आजही लालबागचाच. आई गुडघ्यांमुळे आता जाऊ शकत नाही.

मी तिच्यासाठी शोधतो तेव्हा ‘मालवणी मसाला’ कधीच टाकत नाही. ‘लालबाग मसाला’ टाकतो, नाहीतर ‘लालबाग मिरची गल्ली फोन नंबर’. आणि बोलून शोधतो, टाइप करत नाही. तुमची गिऱ्हाइकं जर आमच्यासारखी असतील तर तुम्ही ज्या शब्दावर रात्र जागवताय तो आमचा शब्दच नाही.

आकडेमोड

विरारचे दादा, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद तुमचा आहे.

ताई, कन्सोलमध्ये देशाची फोड मिळते, शहराची मिळत नाही. पण ऑर्डरींचे पिनकोड तुमच्याकडे आहेत! मागच्या हंगामाच्या ऑर्डरी काढा आणि किती लालबाग-परळच्या, किती ठाणे, डोंबिवली, वसई-विरारच्या ते बघा. क्वेरीच्या फिल्टरमध्ये ‘रेगेक्स’चा पर्याय आहे, त्यात ‘लालबाग’ देवनागरीत आणि इंग्रजीत, तसंच ‘मालवणी’ व्ही वापरून आणि डब्ल्यू वापरून, सगळी रूपं एकत्र करून बघता येतात. आपल्याकडे एका शब्दाची चार-चार स्पेलिंगं चालतात आणि कन्सोल प्रत्येक वेगळी मोजतं. एजन्सीच्या यादीत त्यातलं एखादंच असतं.

पार्ल्याचा_फराळ

नकाशाचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. तीन दुकानांचा चौकोन दिसतो ना नकाशासकट, त्याची जागा वेगळ्या हिशेबाने ठरते. दुकान शोधलेल्या गोष्टीशी किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि किती नावाजलेलं आहे, असे तीन निकष गूगलने स्वतः सांगितले आहेत. पैसे देऊन तिथली जागा वर जात नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. अंतर आपल्या हातात नाही. लालबागच्या दुकानाला विरारमध्ये नकाशावर वर येणं अवघडच, तिथे वेबसाइटचं पानच कामाला येतं. बिझनेस प्रोफाइलवर वेळा, सुट्टीचे दिवस, फोन, खरे फोटो एवढं चोख ठेवा. गणपतीत लालबागचे रस्ते बंद असतात तेव्हाच्या वेळा तर आवर्जून टाका.

दादर_पश्चिम_१

मी वेगळं सांगतो. माझं दादरला कपड्यांचं दुकान आहे. एकाकडून पाचशे बॅकलिंकचं पॅकेज घेतलं आणि महिन्याभरात वर आलो. सगळे नको म्हणतात, पण फरक पडतो.

जुना_वेबमास्तर

दादा, वर आलात याचा आनंद आहे, पण मनापासून सांगतो, यावर धंदा उभा करू नका. एप्रिल २०१२ मध्ये गूगलचं ‘पेंग्विन’ अपडेट आलं तेव्हा विकतच्या लिंकवर उभ्या असलेल्या साइट कोसळताना मी जवळून पाहिल्या आहेत. घरं चालायची हो त्यांच्यावर. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मूळ यंत्रणेचाच भाग झालं. आता बऱ्याचदा तसल्या लिंक नुसत्या दुर्लक्षित होतात, म्हणजे पैसे वाया. त्याहून पुढे गेलं तर गूगलचा माणूस स्वतः कारवाई करतो, ती कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’खाली दिसते आणि ती उठवायला सगळं साफ करून अर्ज करावा लागतो. तुम्ही वर आलात त्या महिन्यात आणखी काय काय झालं ते तपासा. लग्नसराई होती का?

डंकवाली ताई, तुम्हाला लिंक हवीच असेल तर ज्या कोकणी खानावळी तुमचा मसाला वापरतात त्यांच्या साइटवर तुमचं नाव येऊ द्या. अशी एक लिंक खरी असते आणि तिच्यावरून गिऱ्हाईकही येतं.

दादर_पश्चिम_१

लग्नसराई होती खरी. कन्सोल उघडून बघतो.

घाटकोपर_आयटी

एक मुद्दा राहिला. जागा तीच आणि क्लिक कमी, असं दिसलं तर वरच्या एआय उत्तराकडे बघा. भारतात एआय ओव्हरव्ह्यू ऑगस्ट २०२४ पासून आहे. ‘मालवणी मसाल्यात काय काय असतं’ असं विचारणाऱ्याला उत्तर वरच मिळतं, तो खाली येतच नाही. कन्सोल त्या अख्ख्या चौकटीला एकच जागा धरतं आणि तिच्यातल्या सगळ्या दुव्यांना तीच जागा देतं. म्हणून ‘पहिली जागा आणि क्लिक शून्य’ असंही दिसू शकतं. कृतीच्या पानांना याचा फटका जास्त, विक्रीच्या पानांना कमी, असा माझा अनुभव.

उत्सुक_वाचक

सगळे म्हणताय रोज बघू नका. मग खरंच मोठं काही झालं तर कळणार कसं? आमच्या संस्थेच्या साइटवर कुणीतरी चुकून ‘नोइंडेक्स’ (पान यादीत घेऊ नका अशी गूगलला सूचना) चालू ठेवलं होतं आणि आम्हाला ते फार उशिरा कळलं.

आकडेमोड

प्रश्न रास्त आहे. रोज क्लिक बघा, जागा नको. क्लिक एकदम निम्म्यावर आले, सगळ्याच शब्दांवर आले आणि परत चढले नाहीत तर काहीतरी मोडलंय. नोइंडेक्स, हॅक, बंद सर्व्हर, यापैकी काहीतरी. एकाच शब्दावर आले तर ते पान आणि त्या शब्दाचे निकाल बघा.

गूगलच्या कोअर अपडेटच्या मार्गदर्शनातच उदाहरण आहे. दुसऱ्यावरून चौथ्यावर गेलात तर मोठी उलथापालथ करू नका. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलात तर मात्र सगळी साइट तपासा. अपडेट संपल्यावर किमान एक आठवडा जाऊ द्या आणि मग अपडेट सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्याशी तुलना करा, असंही तिथे लिहिलंय. या हिशेबात एक पथ्य माझ्याकडून, एका वेळी एकच बदल करायचा आणि तारीख वहीत लिहून ठेवायची.

डंकवाली

हंगामाच्या धावपळीत उत्तर द्यायला उशीर झाला. काय काय झालं ते लिहिते.

पिनकोड काढले. विरारचे दादा म्हणाले तसंच निघालं, बहुतेक ऑर्डरी डोंबिवली, कल्याण, वसई-विरार आणि नवी मुंबईच्या. लालबाग-परळच्या अगदी थोड्या, कारण इथले लोक दुकानातच येतात. आणि ‘लालबाग’ असलेल्या शब्दांवर आमची जागा अजिबात हलत नाही! त्या शब्दांतलं एकही एजन्सीच्या यादीत नव्हतं. यादी बदलून मागितली आहे आणि ठिकाण डोंबिवली ठेवायला सांगितलंय. पॅकेज वाढवलेलं नाही.

कृतीचं पान सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्या ओळीला थांबवलं, ‘एवढी लवंग कोण घालतं?’ ते आमचं नव्हतंच. म्हणून वेबमास्तर काकांचा सल्ला घेतला. ते पान काढून विक्रीच्या पानाकडे वळवलं आणि तिथे सासूबाईंनी सांगितलेली माहिती घातली. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी, त्रिफळ का आणि किती, मसाला बरणीत कसा भरायचा, हिंगाचा खडा कुठे ठेवायचा. फोटोही लहान केले. तिन्ही कामं वेगवेगळ्या आठवड्यांत केली, तारखा वहीत आहेत.

‘मालवणी मसाला’ अजूनही थोडं हलतं, पण आता पहिल्या-दुसऱ्या पानात. तिसऱ्यावर गेलेलं परत दिसलं नाही. मागच्या वर्षीचा एप्रिलही पाहिला, तेव्हाही कृतीचंच पान जास्त दाखवलं जात होतं. आकडेमोड, तुमचा अंदाज बरोबर होता. भाजणीचं काम पावसाळ्यात काढीन.

शेवटचा प्रश्न. तो रिडायरेक्ट किती दिवस ठेवायचा? वेबसाइटवाला म्हणतो महिन्याभरात काढून टाकू.

जुना_वेबमास्तर

काढू देऊ नका. किमान एक वर्ष ठेवा असं गूगलचंच सांगणं आहे, आणि त्यानंतरही काढायचं काही कारण नाही. त्या जुन्या पत्त्यावर कुणाची तरी खूण ठेवलेली असेल, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असेल. तो उघडला की माणूस थेट तुमच्या विक्रीच्या पानावर यायला हवा.

विरार_फास्ट

ताई, एक किलो मालवणी आणि अर्धा किलो गोडा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. आई विचारतेय, तिखट कमी करून मिळेल का?

डंकवाली

मिळेल. बेडगी वाढवून देते. शुक्रवारी डंकावर घेऊ, शनिवारी कुरिअर निघेल.